मनासारखा चार्ट काढायचाय? मग सॉफ्टवेअर असं निवडा

आकड्यांचं काम नव्याने हाती घेतलेले पत्रकार, सामाजिक संस्थांमधले कार्यकर्ते, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: टॅब्लो किंवा पॉवर बीआय यांसारखं चार्ट काढायचं सॉफ्टवेअर शिकू, की थेट पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा? नुसत्या नावांवरून याचं उत्तर देता येत नाही. तुमचे आकडे कसे आहेत, चार्ट कुठे छापला किंवा दाखवला जाणार आणि तो कोण वाचणार, यावर ते ठरतं. म्हणून एक खरं उदाहरण हाती घेऊ आणि त्याच्यासोबत एकेक पायरी चढू.

उदाहरण जनगणनेचं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. तेव्हा जिल्हे ३५ होते. त्यातल्या तीन जिल्ह्यांत माणसं वाढण्याऐवजी कमी झाली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. हे आपल्याला वाचकाला एका नजरेत दाखवायचंय.

पायरी १: आधी कागद-पेन्सिल

संगणक बंद ठेवा. एका कोऱ्या कागदावर, वाचकाने चार्ट बघून जे वाक्य म्हणावं असं तुम्हाला वाटतं, ते लिहा. 'राज्य वाढत असताना तीन जिल्हे आटले' हे एक वाक्य झालं. 'ठाण्यात सगळ्यात जास्त माणसं वाढली' हे दुसरं. आकडे तेच, पण चार्ट वेगळे.

आता वाक्याखाली चित्र काढा. अनेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो उताराचा चार्ट: डावीकडे २००१, उजवीकडे २०११, प्रत्येक जिल्ह्याची एक रेघ. दिसायला छान असतो. पण आपल्या आकड्यांवर तो चालवून बघा. ठाण्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ झाली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. अक्ष ठाण्याच्या मापाने आखला आणि चार्टची उंची दहा सेंटिमीटर ठेवली, तर सिंधुदुर्गाची रेघ जेमतेम ०.१७ मिलिमीटर खाली येते. म्हणजे ती सपाटच दिसणार, आणि जे सांगायचं होतं तेच चार्टमधून गायब होणार.

टक्केवारी काढली की चित्र पालटतं. ठाणे ३६ टक्क्यांनी वर, रत्नागिरी ४.८ टक्क्यांनी खाली, सिंधुदुर्ग २.२ टक्क्यांनी खाली, मुंबई शहर ७.६ टक्क्यांनी खाली. मधे शून्याची उभी रेघ, उजवीकडे वाढीचे आडवे बार, डावीकडे घटीचे तीन बार वेगळ्या रंगात. असा चार्ट एक्सेलमध्येही निघतो! उताराच्या चार्टसाठी एखादं महागडं सॉफ्टवेअर शोधत बसला असता, ते या दहा मिनिटांच्या कागदामुळे वाचलं. माझ्या मते सगळ्या निवडीतली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नवखे लोक हीच गाळतात.

पायरी २: चार्ट राहणार कुठे?

छापील अंकात, मोबाइलवर, सभागृहाच्या पडद्यावर की दर महिन्याला साहेबांच्या टेबलावर जाणाऱ्या अहवालात? प्रत्येक ठिकाणाची मागणी निराळी.

छपाईसाठी व्हेक्टर फाइल लागते, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफ, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. म्हणून साधन निवडताना 'एक्स्पोर्ट'चा मेनू उघडून बघायचाच. डेटारॅपर या ऑनलाइन साधनाच्या मोफत खात्यातून चार्ट पीएनजी चित्र म्हणून उतरवता येतो, पण एसव्हीजी आणि पीडीएफसाठी पैसे भरावे लागतात. रॉग्राफ्स हे दुसरं ऑनलाइन साधन मात्र एसव्हीजी फुकट देतं. वेबसाठी चार्ट मोबाइलच्या रुंदीत स्वतःहून बसायला हवा. आपल्या ३५ बारचा चार्ट उभा लांब केला तर मोबाइलवर वाचता येतो. ३५ उभे खांब आणि खाली तिरकी नावं असा काढला तर मान वाकडी करून वाचावा लागतो. दर महिन्याला आकडे बदलणार असतील तर हाताने सजवलेला चार्ट कामाचा नाही. तिथे पॉवर बीआय, गूगलचं लुकर स्टुडिओ किंवा कोडची एखादी छोटी स्क्रिप्ट हवी, म्हणजे नवी फाइल टाकली की चार्ट आपोआप बदलतो.

पायरी ३: आकडे ताळ्यावर आणा

इथे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. एका ओळीत एक नोंद, एका स्तंभात एकच गोष्ट. विलीन केलेले सेल, मधेच आलेली 'एकूण'ची ओळ, रंगाने दिलेला अर्थ हे सगळं काढून टाका. आकड्यांच्या स्तंभात अंक इंग्रजी ठेवा. देवनागरी अंकांना बरीच साधनं मजकूर समजतात आणि बेरीजच होत नाही. देवनागरी अंक चार्टवर दाखवायचे असतील तर ते शेवटी, दाखवताना बदलायचे.

एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाइल, करताना यादीतला 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साधा सीएसव्ही निवडलात तर जिल्ह्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत नावं होत नाहीत. उलट, दुसऱ्याने पाठवलेली फाइल डबल-क्लिक करून उघडल्यावर अक्षरांचा चिवडा दिसला तर घाबरू नका. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती फाइल आयात करा आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगा, मराठी सरळ दिसेल.

पायरी ४: मराठीची परीक्षा

साधनांच्या इंग्रजी तुलनांमध्ये ही पायरी नसते, म्हणून आपल्याला ती स्वतःच करावी लागते. कोणतंही साधन शिकायला घेण्याआधी पाच ओळींची एक फाइल बनवा. त्यात ही नावं टाका: सिंधुदुर्ग, छत्रपती संभाजीनगर, श्रीवर्धन, कऱ्हाड, महाराष्ट्र. समोर कोणतेही पाच आकडे, त्यातला एक कोटीच्या वरचा. साधनात टाका, चार्ट काढा, एक्स्पोर्ट करा आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल उघडून बघा. पडद्यावर बरोबर दिसलेलं अक्षर पीडीएफमध्ये मोडलेलं असू शकतं.

काय बघायचं? 'सिंधुदुर्ग'मधली पहिली वेलांटी 'स'च्या आधी आली का, आणि रफार 'ग'च्या डोक्यावर बसला का. 'श्री' आणि 'ष्ट्र' जोडाक्षर म्हणून आले का, की पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसतायत. 'कऱ्हाड'मधला अर्धा र हा तर खास आपला. हिंदीपुरती चाचणी करून पास झालेला फाँट इथे अडखळू शकतो.

मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या चार्ट काढायच्या संचामध्ये नवख्यांची हमखास दमछाक होते. आधी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. मग माणूस 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फाँट लावतो. चौकोन जातात, पण वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. कारण नुसता फाँट असून भागत नाही. कोणतं अक्षर कुठे सरकवायचं, कोणती दोन जोडायची, हे करणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि वर्षानुवर्षं मॅटप्लॉटलिबच्या मूळ मांडणीत ती नव्हती. तुमच्या आवृत्तीत काय होतं ते पाच ओळींच्या फाइलने लगेच कळेल. मोडत असेल तर एक वाट आहे: चार्ट एसव्हीजीमध्ये जतन करा आणि अक्षरांचे आकार न बनवता मजकूर मजकूरच ठेवायची सेटिंग करा. मग ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केप या चित्रकलेच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की मराठी नीट जुळून येते, कारण अक्षरं जुळवायचं काम ते करतात.

आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, चार्ट काढायच्या जीजीप्लॉट२ मध्ये रॅग नावाचं पॅकेज वापरून पीएनजी काढलं की जोडाक्षरं ठाकठीक येतात. डी३, वेगा-लाइट, ऑब्झर्व्हेबल प्लॉट, डेटारॅपर, फ्लरिश ही सगळी मंडळी ब्राउझरमध्ये चार्ट काढतात, आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. मराठीत काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. दोन साधनं बाकी सगळ्या बाबतीत सारखी वाटली तर मी ब्राउझरवालं घ्या असंच सांगेन.

आणखी एक बारकावा. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळा दिसतो, आणि काही फाँटांमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं पानाने सांगितलं तर मराठी वळण येतं. दुसऱ्या साइटवरून चौकटीत आणलेल्या चार्टला मात्र तुमच्या पानाची भाषा कळत नाही, त्यामुळे लेखात एक 'ल' आणि चार्टमध्ये दुसरा 'ल' असं होतं. तिरो देवनागरी मराठीसारखा, मुळातच मराठी वळणाचा फाँट घेतला तर ही कटकट राहत नाही.

मग स्वल्पविराम. १,१०,६०,१४८ हा आकडा बरीच साधनं ११,०६०,१४८ असा दाखवतात. असा आकडा मराठी वाचकाच्या डोळ्याला अडतो, तो मनातल्या मनात पुन्हा मोजायला लागतो. सेटिंगमध्ये लोकेल किंवा भाषा शोधा आणि भारत निवडा. एक्सेल ही गोष्ट विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधून घेतं. डी३ मध्ये आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांचे गट, असं एकदा सांगून ठेवता येतं. काहीच जमत नसेल तर आकडे लाखांत भागून '११०.६ लाख' असं लिहा. वाचकाला ते सोपंही जातं.

पायरी ५: आता साधनं

आधी सांगतो, एक्सेलला कमी लेखू नका. लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्सलाही नाही. आपला शून्याभोवतीचा बार चार्ट तिथे अर्ध्या तासात होतो. मूळ रूप टाकाऊ असतं हे खरं: जाड ग्रिड, नको ती लेजंड (रंगांची सूची), भडक रंग. ते सगळं पुसा, सगळे बार राखाडी करा, फक्त तीन बार गडद लाल करा, शीर्षकात ते पायरी १चं वाक्य लिहा. बघा, ओळखू येणार नाही.

कोड न लिहिता वेबवर चार्ट टाकायचा असेल तर डेटारॅपर. बर्लिनमध्ये बनलेलं हे साधन बातमीदारांना डोळ्यांसमोर ठेवून घडवलेलं आहे, त्यामुळे त्याच्या मूळ निवडीच शहाण्या आहेत. काही न बदलताही चार्ट वाचनीय निघतो. रंग, रुंदी, टिपा यांवर बऱ्यापैकी ताबा मिळतो, पण ठरलेल्या साच्यांच्या बाहेर जाता येत नाही. हलणारे, टप्प्याटप्प्याने उलगडणारे चार्ट हवे असतील तर फ्लरिश बघा. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या डेन्सिटीडिझाइन या संशोधनगटाने केलेलं रॉग्राफ्स वेगळ्याच कामाचं आहे: एक्सेलमध्ये नसलेले आकार काढायचे, एसव्हीजी उतरवायचं आणि पुढचं काम चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं. आकडे तुमच्याच ब्राउझरमध्ये राहतात, बाहेर कुठे जात नाहीत, हीही मोठी सोय.

टॅब्लो आणि पॉवर बीआय हे प्रामुख्याने कार्यालयांसाठी. हजारो ओळी चाळून बघणं, गाळण्या लावणं, चार तक्ते जोडणं यात दोन्ही तरबेज. पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. टॅब्लो पब्लिक मोफत आहे, पण नावातच आहे तसं त्यावर टाकलेलं काम सगळ्या जगाला दिसतं. एखाद्या संस्थेच्या लाभार्थ्यांची यादी तिथे चढवणं म्हणजे त्या माणसांचा विश्वासघात. हे शिकाऊ असतानाच पक्कं लक्षात ठेवा. मोफत खात्यांवर चढवण्याआधी नावं, फोन नंबर, गावाचा नेमका पत्ता असले स्तंभ फाइलमधून काढूनच टाका.

खरोखर मनासारखा, कोणत्याही साच्यात नसलेला चार्ट हवा असेल तर मात्र कोडला पर्याय नाही. इथे माझा कल सरळ जीजीप्लॉट२ कडे आहे. लेलँड विल्किन्सन यांनी १९९९ साली चार्टचं एक व्याकरण मांडलं: चार्ट म्हणजे बार चार्ट, पाय चार्ट, लाइन चार्ट अशी नावांची यादी नसून आकडे, आकार, मापपट्टी, रंग असे सुटे भाग जोडून केलेली रचना. हॅडली विकम यांनी त्याच विचारावर जीजीप्लॉट२ उभारलं. एकदा ही जोडणी कळली की न पाहिलेला चार्टही तुम्ही रचू शकता. पायथन आधीपासून येत असेल तर त्याच विचाराचं ऑल्टेअर घ्या. ते वेगा-लाइटवर चालतं, म्हणजे ब्राउझरमध्ये, म्हणजे मराठीची चिंता नाही.

वेबसाठीच्या डी३ या जावास्क्रिप्ट संचाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. माइक बोस्टॉक यांनी सहकाऱ्यांसोबत २०११ मध्ये ते आणलं आणि वेबवरच्या चार्टची पातळीच बदलून टाकली. त्यात काहीही करता येतं, म्हणूनच काहीही आयतं मिळत नाही. अक्षसुद्धा तुम्हीच सांगून जोडायचे. एचटीएमएल, एसव्हीजी आणि जावास्क्रिप्ट येत नसेल तर सुरुवात तिथून करू नका. त्याच मंडळींचं ऑब्झर्व्हेबल प्लॉट चार ओळींत चार्ट देतं. ते अपुरं पडायला लागलं की डी३ कडे वळा.

पायरी ६: नकाशा हवाच असेल तर

आधी विचारा, हवाय का? जिल्ह्यांचे आकडे आले की हात आपोआप नकाशाकडे जातो. पण नकाशावर डोळा क्षेत्रफळ मोजतो. गडचिरोली सुमारे १४,४०० चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या २०११ मध्ये पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबई उपनगरात ९३ लाखांहून जास्त माणसं, आणि नकाशावर तो टिंबाएवढा. घट झालेला मुंबई शहर जिल्हा तर नकाशावर सापडतच नाही! एक तर मुंबई वेगळ्या चौकटीत मोठी करून दाखवा, नाहीतर प्रत्येक जिल्ह्याला सारखा चौकोन देऊन नकाशाची ढोबळ मांडणी करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग शेजारी-शेजारी आहेत, हे दाखवायला मात्र नकाशासारखं दुसरं काही नाही.

साधन म्हणून नकाशे काढायचं क्यूजीआयएस. मोफत, मुक्त आणि भरवशाचं. सीमांची फाइल जड असेल तर मॅपशेपरमध्ये टाकून हलकी करून घ्या.

अडचण येते ती सीमांची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे २०११ चे ठाण्याचे आकडे आजच्या ठाणे आणि पालघर या दोन्हींचे मिळून आहेत. आजच्या ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर ते ओतले तर पालघर कोरं राहतं आणि ठाणे फुगतं. जनगणनेच्या आकड्यांसाठी तेव्हाच्या सीमा शोधा, नाहीतर आजचे ठाणे आणि पालघर एकत्र करून दाखवा आणि तशी टीप द्या.

आकड्यांचा तक्ता आणि सीमांची फाइल यांची जोडणी जिल्ह्याच्या नावावरून करू नका. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. जुन्या फाइलमध्ये जुनी नावं, नव्या फाइलमध्ये नवी, आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक खात्याचं निराळं. जनगणनेचा सांकेतिक क्रमांक किंवा केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला क्रमांक वापरा. दोन्ही तक्त्यांत तो स्तंभ घातला की जोडणी सुरळीत होते.

पूर्ण भारताचा नकाशा काढणार असाल तर बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळल्या पाहिजेत. तशा न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे. परदेशी साधनांत आयता मिळणारा भारत बऱ्याचदा जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या भागात वेगळा असतो. तो तसाच वापरू नका, सीमांची फाइल स्वतः आणून लावा.

पायरी ७: शेवटचा हात

चार्ट 'मनासारखा' होतो तो टिपांमुळे. रत्नागिरीच्या बारशेजारी एक ओळ येऊ द्या: २०११ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहरात ८३२. चाकरमान्यांची सगळी कहाणी त्या दोन आकड्यांत आहे, आणि बारच्या लांबीतून ती कधीच कळली नसती. असली टीप नेमक्या जागी, नेमक्या रुंदीत बसवायला इंकस्केप पुरेसं आहे. इलस्ट्रेटर वापरणार असाल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपखालचे इंडिक पर्याय सुरू करा आणि पॅराग्राफ पॅनलमध्ये दक्षिण आशियाई कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं तिथेही मोडतील.

रंग निवडताना लाल-हिरव्याची जोडी टाळा. काही वाचकांना, विशेषतः पुरुषांना, त्यात फरकच दिसत नाही. निळा-नारिंगी चालतो. एकदा चार्ट कृष्णधवल छापून बघा, तरीही तीन जिल्हे उठून दिसले पाहिजेत.

छापखान्याला फाइल देताना तिथे युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांचा) फाँट असेलच असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांवर काम चालतं. मजकुराचे आकार करून पीडीएफ द्या, म्हणजे समोरच्याच्या संगणकात फाँट असो-नसो, अक्षर हलत नाही. पण आकार केलेली फाइल पुन्हा सुधारता येत नाही, म्हणून मजकूर शाबूत असलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

त्या प्रतीसोबत एकाच फोल्डरमध्ये मूळ आकड्यांची न बदललेली फाइल, तुम्ही साफ केलेली फाइल, स्क्रिप्ट असेल तर ती, आणि आकडे कुठून, कोणत्या तारखेला घेतले याची चार ओळींची नोंद ठेवा. पुढच्या जनगणनेचे जिल्हावार आकडे आले की हेच फोल्डर उघडून तिसरा स्तंभ जोडायचा आहे, आणि तेव्हा कदाचित ते काम दुसरंच कोणीतरी करत असेल.